वाचक विचारतात : घरदार सोडून माणसं शेजारच्या देशात का जातात?

मागच्या अंकात सुदानमधून चाडमध्ये पळून गेलेल्या लोकांबद्दल एक पानभर मजकूर छापला होता, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. काही चांगले प्रश्न, काही चिडलेले, दोन-तीन तर सरळ भांडायच्या मूडमधले. सगळेच घेता येत नाहीत, एकसारखे होते ते एकत्र केलेत आणि भाषा फारच तापली होती तिथे जरा सौम्य केलीय, रागावू नका.

प्रश्न : युद्ध सुरू झालं की लोक पळतात हे समजतं. पण तुमच्या लेखात "जाणं भाग पडलं" असं सारखं येतं. गोळीबार नसताना कुणाला देश सोडणं भाग पडतं म्हणजे नक्की काय? का पोटासाठी गेलेल्यांनाही तुम्ही त्यातच धरता?
— बँकेतून रिटायर झालेले एक वाचक

उत्तर : युद्धाचं आधी उरकतो, कारण ते सगळ्यांना माहितीय. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला आणि पहिल्या महिन्यातच ३५ लाखांच्या वर माणसं बॉर्डर ओलांडून गेली. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि आरएसएफ नावाचं निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडलं आणि आठ लाखांहून जास्त लोक एकट्या चाडमध्ये पोचले. इथे "का गेले" विचारायची गरजच पडत नाही.

पण गोळीबार हा बहुतेक वेळा शेवटचा अंक असतो. त्याच्या कितीतरी वर्षं आधी कागदावर काम सुरू झालेलं असतं, आणि मला विचाराल तर खरी जबरदस्ती तिथेच असते. भूतानचं बघा. दक्षिण भूतानमध्ये पिढ्यानपिढ्या राहणारे नेपाळी बोलणारे लोक, त्यांना ल्होत्शाम्पा म्हणतात. १९८५ ला तिथे नवा नागरिकत्व कायदा आला आणि १९८८ ला दक्षिणेत जनगणना घेतली. अधिकारी घरोघरी जाऊन काय मागायचे, तर १९५८ सालची जमिनीच्या कराची पावती. ५७ ची नाही, ५९ ची नाही, १९५८ चीच! ज्याच्याकडे पावती तो एफ-१, म्हणजे खरा भूतानी, बाकीचे एफ-२ ते एफ-७ अशा वर्गांमध्ये टाकले, एफ-७ म्हणजे सरळ परदेशी. एकाच घरात नवरा एका वर्गात, बायको दुसऱ्या, पोरं तिसऱ्याच, असेही प्रकार झाले. तीस वर्षं जुनी पावती उंदरांनी खाल्ली नाही, छपरातून गळालेल्या पाण्यात भिजली नाही अशी घरं किती असणार सांगा. मग विरोध झाला, मोर्चे निघाले, धरपकड झाली, आणि लोकांकडून "आम्ही स्वखुशीने देश सोडतोय" अशा फॉर्मवर सह्या घेतल्या. सही करताना कॅमेऱ्यासमोर हसायला लावलं असं तिथून आलेल्या अनेकांनी सांगितलंय. म्हणजे कागदोपत्री बघायला गेलात तर यांना कुणी हाकललंच नाही, सगळे आपण होऊन गेले. नव्वदच्या दशकात एक लाखाच्या आसपास माणसं पूर्व नेपाळच्या कॅम्पात होती.

रोहिंग्यांचंही असंच, फक्त जास्त भयंकर. म्यानमारमध्ये १९८२ चा कायदा म्हणतो की १८२३ च्या आधीपासून इथे असलेल्या जमाती आपल्या, अशा १३५ जमातींची यादी आहे आणि त्यात रोहिंग्या नाहीत. झालं, पुढे सगळं त्यातून निघतं. शेजारच्या तालुक्यात जायचं तर परवानगी, लग्न करायचं तर परवानगी, काही भागांत दोनच मुलांची अट. २०१५ ला व्हाइट कार्ड नावाची उरलीसुरली तात्पुरती ओळखपत्रंही रद्द केली. २५ ऑगस्ट २०१७ ला बंडखोरांनी पोलीस चौक्यांवर हल्ले केले आणि त्याचं निमित्त करून लष्कराने गावंच्या गावं जाळली, काही महिन्यांत सात लाखांवर लोक बांगलादेशात गेले. बातमी २०१७ ची झाली खरी, पण ज्या माणसाला ३५ वर्षं आपल्याच देशात परका म्हणून वागवलंय त्याच्या जाण्याची सुरुवात २०१७ ला झाली असं कसं म्हणायचं?

इरिट्रियामध्ये तर अजून वेगळीच तऱ्हा. तिथे सक्तीची राष्ट्रीय सेवा कायद्याने १८ महिन्यांची, पण इथिओपियाशी १९९८ ते २००० चं युद्ध झालं त्यानंतर ती संपतच नाही, माणूस वर्षानुवर्षं नाममात्र पगारावर अडकून. त्यामुळे शाळा संपत आलेली पोरं रातोरात बॉर्डर ओलांडतात, जायचं कुठे तर इथिओपिया नाहीतर सुदान, म्हणजे जिथे स्वतःचीच भांडणं चालू आहेत तिथे. त्यांच्या गावावर बॉम्ब पडलेला नसतो.

आता तुमचा पोटाचा मुद्दा. तो खालच्या प्रश्नात घेतो, कारण तोच अजून चार जणांनी विचारलाय आणि त्यातल्या दोघांनी जरा खोचकपणे.

प्रश्न : चांगलं आयुष्य पाहिजे म्हणून जाणारा आणि जीव वाचवायला जाणारा यात फरक करायला नको का? सगळेच निर्वासित म्हणायला लागलो तर खऱ्यांवर अन्याय नाही होणार?
— एक शिक्षिका

उत्तर : फरक करायलाच पाहिजे, कायदा करतोही. १९५१ चा निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार पाच कारणं मानतो : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या विशिष्ट समाजगटात असणं आणि राजकीय मत. या पाचांपैकी कशामुळे तरी छळ होण्याची रास्त भीती असली पाहिजे. यात भूक नाही, दुष्काळ नाही, महागाई तर नाहीच नाही. करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुसरं महायुद्ध होतं, त्यामुळे ते साहजिकही आहे. पुढे आफ्रिकेतल्या देशांनी १९६९ ला आणि लॅटिन अमेरिकेतल्यांनी १९८४ च्या कार्ताहेना जाहीरनाम्यात ही व्याख्या रुंद केली, म्हणजे देशातली व्यवस्थाच कोसळली असेल तर तेही कारण धरा असं म्हटलं. त्यांना ते सुचलं कारण लोंढे त्यांच्याच दारात येत होते.

पण प्रत्यक्षात ही दोन कारणं वेगळी करून दाखवा बघू. २०११ ला सोमालियात भीषण दुष्काळ पडला, अडीच लाखांवर माणसं मेली आणि लाखभराहून जास्त चालत चालत केनियातल्या दादाबच्या कॅम्पात पोचली. वरवर बघितलं तर पाऊस पडला नाही म्हणून आली. पण पाऊस केनियात आणि इथिओपियातही पडला नव्हता, तिथे एवढी माणसं मेली नाहीत. सोमालियात अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेने मदत संस्थांना आपल्या भागात येऊ दिलं नाही, वर लोकांनाही बाहेर पडू देत नव्हते. मग ती बाई मुलाला पाठीवर घेऊन निघाली ती भुकेमुळे का बंदुकीमुळे? फॉर्मवर एकच खूण करायची असते.

व्हेनेझुएला तर या प्रश्नाचं पाठ्यपुस्तक आहे. तिथे युद्ध नाही, पण आजवर ७० लाखांच्या वर लोक गेलेत, त्यातले २८ लाखांच्या आसपास शेजारच्या कोलंबियात. २०१८ सालची महागाई तिथल्या सेंट्रल बँकेनेच १ लाख ३० हजार टक्क्यांच्या वर सांगितलीय, त्या ऑगस्टमध्ये नोटांवरची पाच शून्यं पुसून टाकली, तरी भागलं नाही, २०२१ ला आणखी सहा पुसली. ऐकायला गंमत वाटते. पण त्याचा अर्थ असा की पगार हातात पडेपर्यंत त्याचं मोल संपलेलं, हॉस्पिटलात ग्लोव्ह्ज नाहीत, डायबेटिसवाल्याला इन्सुलिन नाही, एचआयव्हीच्या गोळ्या नाहीत. बाळंतपणासाठी बायका सीमेचा पूल ओलांडून कोलंबियात यायच्या. तिथे जन्मलेल्या मुलांना ना इकडचे कागद ना तिकडचे अशी वेळ आली, शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये कोलंबियाने अशा २४ हजार मुलांना नागरिकत्व द्यायचं ठरवलं. ज्यांच्याकडे बसचे पैसे नव्हते ते कोलंबियाच्या सीमेवरच्या कुकुता शहरातून पायी निघायचे, वाटेत बर्लिन नावाचं ३ हजार मीटरच्या वरचं गारठलेलं पठार लागतं आणि ही उष्ण प्रदेशातली माणसं चप्पल आणि टी-शर्टवर. "चांगलं आयुष्य पाहिजे" म्हणून कुणी असं थंडीत कुडकुडत, लेकरं कडेवर घेऊन चालत नाही हो. आणि महागाई आभाळातून पडली नव्हती, तेलाचे भाव पडले हे खरं पण त्याच्या आधीपासून सरकारने जे उद्योग करून ठेवले होते ते, मग विरोधकांवर दडपशाही, त्यावर पुन्हा अमेरिकेचे निर्बंध. १९५१ च्या पाच कारणांत यातलं राजकीय किती नि आर्थिक किती हे ठरवत बसलात तर त्या मुलांची बारशी उलटून जातील.

माझी कसोटी साधी आहे, कायद्याची नाही, माझी. जाण्याआधी त्या माणसाने काय काय करून बघितलं ते विचारा. कामाच्या शोधात जाणारा बहुतेक वेळा तारीख ठरवून जातो, दोन देशांची तुलना करतो, नाही जमलं तर परत येतो. ज्याला जाणं भाग पडलंय तो आधी मामाच्या गावी गेलेला असतो, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, गुरं विकलेली असतात, दागिने गेलेले असतात, एक मुलगा गमावलेला असतो, तेव्हा कुठे बॉर्डरचं नाव निघतं. २०२४ च्या अखेरीस जगात घर सोडावं लागलेली १२ कोटींच्या वर माणसं होती असं संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था सांगते, आणि त्यातले साधारण ६० टक्के अजून स्वतःच्या देशातच आहेत. देश सोडणारे हे उरलेले.

प्रश्न : बरं, गेले. पण मग शेजारच्या गरीब देशातच का जातात? एवढा त्रास काढायचाच तर युरोप-अमेरिकेत का नाही?
— कॉलेजातला एक विद्यार्थी

उत्तर : कारण विमानात बसूच देत नाहीत. हे फार कमी लोकांना माहिती असतं म्हणून नीट सांगतो. जवळपास कुठल्याही देशात आश्रय मागायचा तर आधी त्या देशाच्या जमिनीवर पाय ठेवावा लागतो. पाय ठेवायला व्हिसा लागतो. "मला आश्रय मागायचाय" या कारणासाठी साधा व्हिसा मिळतच नाही, आणि टुरिस्ट म्हणून मागावा तर युद्ध चालू असलेल्या देशातल्या माणसाला देतंय कोण. विनाव्हिसा प्रवासी आणला म्हणून युरोपातले देश विमान कंपनीला दंड लावतात, तसा २००१ पासून युरोपियन युनियनचा नियमच आहे, त्यामुळे बॉर्डरवरच्या अधिकाऱ्याचं काम चेक-इन काउंटरवरची मुलगीच करून टाकते. उरतो तो एजंट, त्याचे पैसे हजारो डॉलरमध्ये, आणि पुढे समुद्र.

म्हणून चालत जाता येईल तिथे माणूस जातो. सुदानच्या दारफूर भागातलं अल जेनेना ते चाडमधलं आद्रे हे अंतर जेमतेम ३० किलोमीटर. जून २०२३ मध्ये मसालित जमातीची माणसं त्या रस्त्याने निघाली आणि वाटेतल्या नाक्यांवर पुरुष आणि पोरगे निवडून मारले गेले, आद्रेला पोचल्या त्या बहुतांश बायका आणि लहान मुलं. तिथून पुढे कुठे जायचं हा विचार करायला त्यांच्याकडे काय होतं?

आणि अजून एक. बॉर्डरच्या पलीकडे बहुतेक वेळा आपलीच माणसं असतात. मसालित चाडमध्येही आहेत. पश्तून ड्युरँड रेषेच्या, म्हणजे अफगाणिस्तान-पाकिस्तान सीमेच्या, दोन्ही बाजूंना आहेत. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर तिथले चिन जमातीचे लोक सीमेवरची तिआउ नदी ओलांडून मिझोरममध्ये आले तेव्हा दिल्लीचा आदेश त्यांना अडवा असा होता, आणि मिझो लोकांनी चर्चमध्ये, शाळांत, घरांत जागा करून दिली कारण त्यांच्या लेखी हे नातेवाईकच. ज्याने नकाशावर रेघ मारली त्याने सोयरीक थोडीच विचारली होती.

शेजारी थांबण्यामागे परतीची आशाही असते, शेत दिसेल एवढ्या अंतरावर राहावं, शांत झालं की पेरणीला जाता येईल. सीरियातल्या दरा भागातले लोक जुलै २०१२ मध्ये उघडलेल्या जॉर्डनच्या झातारी कॅम्पात आले ते दोन-चार महिन्यांच्या बोलीने. तंबूंच्या जागी पत्र्याची घरं आली, एका मुख्य रस्त्यावर सलूनपासून लग्नाचे ड्रेस भाड्याने देणाऱ्यापर्यंत दुकानं लागली, गंमत म्हणजे त्या रस्त्याला पॅरिसमधल्या प्रसिद्ध रस्त्यावरून शांझेलिझे असं नाव पडलं.

(अपवादही आहे. वर सांगितलेले भूतानी लोक नेपाळात गेले, पण भूतान आणि नेपाळची बॉर्डर एकमेकांना लागतच नाही. मधे भारत आहे. भारतात त्यांना थांबू दिलं नाही, ट्रकमध्ये भरून पुढे नेपाळच्या हद्दीवर नेऊन सोडलं.)

प्रश्न : फोटोत यांच्या हातात स्मार्टफोन असतात. मग कसले हे गरीब?
— एक वाचक

उत्तर : घर जळताना तुम्ही पण फोनच उचलाल. त्यात जमिनीच्या कागदांचे फोटो असतात, हरवलेल्या भावाचा नंबर असतो, कुठला रस्ता बंद आहे ते कळतं. आणि निर्वासित म्हणजे भिकारीच असला पाहिजे असं कुणी सांगितलं? डॉक्टर, मास्तर, दुकानदार पळतातच की. बांगलादेशात रोहिंग्या कॅम्पांमध्ये सप्टेंबर २०१९ पासून जवळजवळ वर्षभर मोबाइलचा थ्री-जी, फोर-जी बंद ठेवला होता, त्यात कोरोनाचे महिनेही आले, म्हणजे हात कसे धुवायचे ही माहितीसुद्धा माणूस पाठवून सांगावी लागली.

प्रश्न : सहानुभूती ठीक आहे, पण त्या शेजारी देशाने काय पाप केलंय? तिथल्या गरिबाचं काम जातं, भाडी वाढतात. तुम्ही लोक त्याच्याबद्दल कधीच लिहीत नाही.
— एक नाराज वाचक

उत्तर : तुमची तक्रार मान्य. ही झळ खरी असते, आणि ती अशा लेखांत खरंच येत नाही. लेबनॉनमध्ये एक वेळ अशी होती की दर चार-पाच माणसांत एक सीरियन. वीज आधीच धड नव्हती, पाणी नव्हतं. भाडी वाढली. रोजंदारीवरच्या लेबनीज माणसाची मजुरी पडली. पण घरमालकाचं भलं झालं, बिल्डरचं भलं झालं, शेतमालकाला निम्म्या दराने मजूर मिळाले. म्हणजे बोजा "देशावर" नाही पडत, देशातल्या तळाच्या माणसावर पडतो आणि फायदा वरच्याच्या खिशात जातो. राग मात्र तळातल्या दोघांचा एकमेकांवर निघतो. नेत्यांना ते सोयीचंच असतं.

युगांडाने वेगळं करून बघितलं. २००६ च्या कायद्याने तिथे निर्वासिताला काम करायची, फिरायची मुभा आहे, आणि जमिनीचा छोटा तुकडा देतात. तिथल्या बिडीबिडी नावाच्या निर्वासित वस्तीत २०१६ मध्ये दक्षिण सुदानमधून लोंढा आला आणि थोड्याच महिन्यांत दोन लाखांच्या वर माणसं वसली. शाळा, दवाखाना काढला तो आसपासच्या गावांसाठीही, म्हणून स्थानिकांनी बराच काळ चालवून घेतलं. पण जमीन काही ताणून वाढत नाही, आणि बाहेरून येणारा मदतीचा पैसा आटला तसं रेशन कापत गेले. कोलंबियाने २०२१ ला व्हेनेझुएलाच्या लोकांना दहा वर्षांचा परवाना दिला, म्हणजे लपूनछपून कमी पैशात राबण्यापेक्षा उघड काम करा, टॅक्स भरा. मला हा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो, कारण चोरून काम करणारा माणूसच मजुरी पाडतो, परवाना असलेला नाही. उलट युरोपने मार्च २०१६ मध्ये तुर्कीला सहा अब्ज युरो कबूल केले ते माणसं तिकडेच राहावीत म्हणून. पैसे आम्ही देतो, सांभाळा तुम्ही.

आणि शेजाऱ्याचा संयम संपतोही. पाकिस्तानने चाळीस वर्षं अफगाण लोक ठेवले आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कागद नसलेल्यांना महिनाभरात निघा म्हणून सांगितलं. सीमेवरच्या तोरखमच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली. त्यात असे होते की जन्म पाकिस्तानातला, अफगाणिस्तान आयुष्यात बघितलेलं नाही. त्यांच्यासाठी हेसुद्धा शेजारच्या देशात जबरदस्तीने जाणंच झालं की!

प्रश्न : परिस्थिती सुधारली की लोक परत जातात का? का एकदा आले की आले?
— गृहिणी, नियमित वाचक

उत्तर : जातात ताई, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप जातात. १९७१ ला पूर्व पाकिस्तानातून साधारण एक कोटी माणसं भारतात आली होती, डिसेंबरात युद्ध संपलं आणि पुढच्या काही महिन्यांत त्यातली बहुतेक परत गेलीसुद्धा. मोझांबिकमध्ये १९९२ ला शांतता करार झाला, नंतरच्या चारेक वर्षांत १७ लाख लोक शेजारच्या देशांतून घरी गेले. सीरियात ८ डिसेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्ष असाद देश सोडून पळाले आणि वर्षाच्या आत दहा लाखांवर माणसं परतली, कित्येकांच्या घराला छप्पर नव्हतं तरी.

पण ज्यांना कागदाने बाहेर काढलं त्यांचं घोडं तिथेच अडतं. युद्ध थांबतं, कायदा तसाच राहतो. भूतानने कॅम्पातल्या लोकांना परत घेतलंच नाही, २००७ पासून एक लाखाच्या वर लोकांना अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांनी नेलं. रोहिंग्यांना परत पाठवायचं २२ ऑगस्ट २०१९ ला ठरलं होतं. म्यानमारने साडेतीन हजारांच्या आसपास नावं मंजूर केली होती, कॅम्पाजवळ बस आणि ट्रक उभे राहिले, अधिकारी, पत्रकार सगळे हजर, आणि एकही माणूस चढला नाही. विचारलं तर उत्तर एकच येत होतं : आधी नागरिकत्व द्या, आणि पाठवणार असाल तर आमच्या गावात पाठवा, तिकडच्या दुसऱ्या कॅम्पात नको.